विंडो मॅनेजर बदलताना कळफलकाचा हिशेब: एका अनुवादिकेच्या लॅपटॉपचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीत राहणाऱ्या एका अनुवादिकेच्या लॅपटॉपचे आहे. इंग्रजी पुस्तके मराठीत आणण्याचे काम त्या वीस वर्षांहून अधिक काळ करीत आहेत, आणि टंकलेखन सुरुवातीपासून इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलक-पद्धतीने करतात. त्यांच्या बोटांना कळफलक देवनागरीतच पाठ आहे. कळांवर छापलेली इंग्रजी अक्षरे त्या जवळजवळ पाहतच नाहीत. या एका गोष्टीचे महत्त्व मला सुरुवातीला कळले नाही आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच आल्या. त्यांच्या संगणकाची देखभाल मी पाहतो. त्यांची ओळख उघड होईल असे तपशील गाळले आहेत; तांत्रिक घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

लॅपटॉप जुना होता: ४ जीबी रॅम, १३६६ बाय ७६८ पिक्सेलची स्क्रीन, आणि कळफलकाला नंबरपॅड नाही. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि त्याच्याबरोबर येणारे एक्सएफसीई ४.१८ हे डेस्कटॉप वर्षभर सुरळीत चालू होते. हे प्रकरण २०२४च्या पावसाळ्यातले आहे.

पुढचे नीट कळावे म्हणून एक गोष्ट आधी सांगितलेली बरी. लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या एक्स११ या प्रणालीत विंडोला चौकट देणे, ती हलवणे, लहानमोठी करणे, कोणती पुढे आणि कोणती मागे हे ठरवणे ही कामे स्क्रीनवर चित्र उमटवणारा सर्व्हर स्वतः करीत नाही. ती एका वेगळ्या, इतर कोणत्याही प्रोग्रामसारख्याच प्रोग्रामकडे सोपवलेली असतात, आणि त्यालाच विंडो मॅनेजर म्हणतात. सर्वांत तळाच्या विंडोवर अशी हुकमत चालवण्याचा अधिकार सर्व्हर एका वेळी एकालाच देतो. दुसऱ्याने मागितला तर त्याला साफ नकार मिळतो. एक्सएफसीईमध्ये हा अधिकार एक्सएफडब्ल्यूएम४ नावाच्या प्रोग्रामकडे असतो. त्याला उठवून त्या जागी दुसरा बसवला, तरी पॅनेल, फाइल मॅनेजर, वाय-फाय आणि बॅटरीच्या खुणा हे सारे जागच्या जागी राहू शकते. म्हणजे संपूर्ण डेस्कटॉप न बदलता त्यातला एकच भाग बदलता येतो, आणि या प्रकरणाचा सगळा मोह त्या ‘एकच भाग’ या शब्दांत होता.

अडचण

अनुवादिकेच्या कामात तीन विंडो दिवसभर उघड्या असतात. मूळ पुस्तकाची पीडीएफ डावीकडे, लिबरऑफिस रायटर उजवीकडे, आणि ब्राउझरमध्ये शब्दकोश. त्यातही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थचा कोश सर्वांत जास्त. रोज सकाळी या विंडो टचपॅडवर बोट घासत जागेवर लावायच्या, कोश पाहायला गेले की ब्राउझर रायटरच्या डोक्यावर येऊन बसायचा, त्याला मागे सारायचे, आणि अर्धे वाक्य तोवर विसरलेले असायचे. संध्याकाळी मनगट दुखते हीही तक्रार होती. “अहो, माझं निम्मं काम खिडक्या सरकवण्यात जातं,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यामागे बसून अर्धा तास पाहिल्यावर मला ते फारसे अतिशयोक्त वाटले नाही.

या तक्रारीखाली एक साधे गणित होते. ए४ आकाराचे पान शंभर टक्के आकारात दाखवायला इंचाला ९६ पिक्सेल (९६ डीपीआय) या हिशेबाने ७९४ पिक्सेल रुंदी लागते. स्क्रीनचे दोन सारखे भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६८३ पिक्सेल येतात, म्हणजे रायटरचे पान दोन्ही बाजूंनी कापले जाते. उलट मूळ पुस्तके बहुधा डेमी आकाराची असतात. त्यांची रुंदी साडेपाच इंच, म्हणजे त्याच हिशेबाने ५२८ पिक्सेल. स्क्रीन अर्धी-अर्धी न वाटता साठ-चाळीस वाटली, तर रायटरला सुमारे ८२० आणि पीडीएफला सुमारे ५४६ पिक्सेल मिळतात, आणि दोन्ही पाने जेमतेम पण पूर्ण मावतात. त्यांना हवी असलेली गोष्ट एवढीच होती: ही साठ-चाळीसची विभागणी एका कळीवर यावी आणि कोश उघडला तरी मोडू नये.

त्यांची दुसरी अपेक्षा अशी होती की नव्या व्यवस्थेने संगणक वेगवान होईल. ही अपेक्षा मी सुरुवातीलाच खोडून काढली. हलका विंडो मॅनेजर लावल्याने वाचणारी मेमरी ब्राउझरच्या दोन-तीन टॅबनी खाल्ली जाते. ४ जीबीच्या यंत्राची खरी कोंडी ब्राउझर करतो. वेगासाठी हा बदल करायचा असेल तर करू नये, असे मी स्पष्ट सांगितले. त्यानंतरही त्यांना तो हवा होता, आणि त्यामुळे यशाची कसोटी काय हे दोघांनाही आधीच माहीत होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न बदलण्याचा होता, आणि तो मी गांभीर्याने मांडला. एक्सएफडब्ल्यूएम४ला विंडो स्क्रीनच्या अर्ध्या किंवा चौथ्या भागात बसवता येते आणि त्यासाठी कळाही नेमून देता येतात. आम्ही आठवडाभर हेच करून पाहिले. ब्राउझर रायटरवर येऊन बसणे कमी झाले, परंतु विभागणी अर्धी-अर्धीच होत राहिली. साठ-चाळीस हवी असेल तर पुन्हा टचपॅडने कड धरून ओढणे आलेच, आणि ती ओढलेली कड दुसऱ्या दिवशी टिकत नसे.

दुसरा पर्याय ओपनबॉक्सचा. तो एक्सएफसीईत बसतो, अतिशय स्थिर आहे आणि त्यात विंडोची जागा टक्क्यांमध्ये ठरवता येते. परंतु त्याची शेवटची आवृत्ती २०१५ सालची आहे आणि त्याची सगळी रचना, म्हणजे सेटिंग्ज, एका लांबलचक एक्सएमएल फाइलमध्ये लिहावी लागते. शिवाय तो विंडो एकमेकींवर येऊ देणाऱ्या जातीचाच आहे; मूळ तक्रार त्याने मिटली नसती, फक्त आवरली असती.

तिसरा पर्याय आयथ्री. हा फरशीकाम करणाऱ्या जातीचा विंडो मॅनेजर: विंडो एकमेकींवर न येता फरशांसारख्या शेजारी बसतात, आणि नवी विंडो आली की जागेची वाटणी पुन्हा होते. मिखाएल स्टापेलबर्ग यांनी २००९च्या सुमारास तो सुरू केला. त्याची रचना एका साध्या मजकूर फाइलमध्ये असते, एका ओळीत एक आज्ञा, आणि त्यातल्या एका ओळीने एखाद्या विंडोची रुंदी स्क्रीनच्या साठ टक्के करता येते. शिवाय एकाच फरशीत दोन-तीन विंडो टॅबसारख्या ठेवता येतात. म्हणजे पीडीएफ आणि कोशाचा ब्राउझर डाव्या फरशीत टॅब करून ठेवले, तर रायटरला कोणी हातच लावत नाही.

आयथ्री दोन प्रकारे वापरता येतो: एक्सएफसीई पूर्ण बाजूला ठेवून एकटा, किंवा एक्सएफसीईच्या आत एक्सएफडब्ल्यूएम४च्या जागी. एकटा वापरला तर आवाज, वाय-फाय, बॅटरी, पेनड्राइव्ह, स्क्रीन लॉक यांपैकी प्रत्येकाची सोय हाताने लावावी लागते. ज्यांना त्यात रस असतो त्यांना ते आवडते. अनुवादिकेला त्यात काडीचाही रस नव्हता.

एक्स११ची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँड या नव्या प्रणालीवर चालणाऱ्या स्वे या विंडो मॅनेजरचा विचार आम्ही थोडक्यात आटोपला. त्याची रचना आयथ्रीसारखीच लिहिता येते, पण मग एक्सएफसीईचे बरेच भाग मागे सोडावे लागले असते. नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये तर विंडो मॅनेजर आणि शेल एकमेकांत गुंफलेले असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही.

निर्णय

एक्सएफसीईच्या आत आयथ्री, असे ठरले. निर्णय आजही मला बरोबर वाटतो. मात्र तो घेताना आम्ही विंडोंचा हिशेब केला, पिक्सेलचा केला, मेमरीचा केला, आणि कळांचा केलाच नाही. फरशीकाम करणारा विंडो मॅनेजर म्हणजे मुळात कळांचा एक मोठा संच असतो. टचपॅडवरचे काम तो कळफलकावर आणतो, आणि दोन लिप्यांत टंकणाऱ्या माणसाच्या कळफलकावर रिकामी जागा कमीच असते.

प्रत्यक्ष कृती: पहिला प्रयत्न

एका रविवारी संध्याकाळी मी आयथ्रीचे मुख्य पॅकेज बसवले, शिफारस केलेली जोडपॅकेजे वगळून. एक्सएफसीईचे पॅनेल राहणारच असल्याने आयथ्रीची स्वतःची खालची पट्टी रचनेतून काढली. प्रोग्राम सुरू करण्यासाठी त्याच्याबरोबरच्या मेनूऐवजी एक्सएफसीईचा अॅपफाइंडर, म्हणजे प्रोग्राम शोधून उघडणारी चौकट, जोडला. आयथ्रीतून बाहेर पडण्याची जी मूळ कळजोडी असते ती एक्सएफसीईच्या लॉगआउटकडे वळवली, कारण मूळची तशीच ठेवली असती तर फक्त विंडो मॅनेजर गेला असता आणि चौकटी नसलेल्या विंडो स्क्रीनवर लटकत राहिल्या असत्या. मग एक्सएफसीईच्या सेशनची, म्हणजे लॉगइननंतर सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची, जी मूळ यादी असते, जिला तिथे ‘फेलसेफ’ म्हणतात, तिच्यातल्या पहिल्या जागी एक्सएफडब्ल्यूएम४ऐवजी आयथ्री लिहिला आणि संगणक पुन्हा सुरू केला.

काहीच बदलले नाही. जुनाच विंडो मॅनेजर जुन्याच चौकटींसह हजर होता. घाईघाईत मी आयथ्री ऑटोस्टार्टमध्येही, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांतही, टाकला. तेव्हा तो उठला आणि दुसरा विंडो मॅनेजर चालू असल्याची नोंद करून लगेच मावळला. नोंदीत एक्स त्रुटी क्रमांक १० होता, म्हणजे प्रवेश नाकारला. वर सांगितलेला एकाधिकार तो हाच. एक्सएफडब्ल्यूएम४ला कोण उठवत होते, एवढाच प्रश्न उरला.

उत्तर लॉगआउटच्या चौकटीत होते. पुढच्या वेळेसाठी सेशन जतन करा, अशी एक खूण त्या चौकटीत असते आणि अनुवादिकेने ती वर्षभर कायम ठेवलेली होती. जतन केलेले सेशन असेल तर एक्सएफसीई तेच उघडते. मूळ यादी फक्त ते नसेल तेव्हा वापरली जाते. होम फोल्डरच्या लपलेल्या कॅशमधील सेशन्सचा फोल्डर रिकामा केला, ती खूण काढली, ऑटोस्टार्टमधला आयथ्री काढला, आणि पुढच्या वेळी आयथ्री नीट उठला. त्याच्या प्रत्येक आज्ञेत दाबून धरायची मुख्य कळ कोणती, ऑल्ट की विन, हे रचनेत ठरवायचे होते. लॅपटॉपवर ऑल्ट अंगठ्याखाली येतो, म्हणून मी ऑल्ट निवडला. या निर्णयाला मी दोन सेकंदही दिले नाहीत.

डेस्कटॉपचे चित्र आणि त्यावरचे आयकॉन दाखवणारा एक्सएफडेस्कटॉप मी यादीतून काढून टाकला होता, कारण तो स्वतःच स्क्रीनभर पसरलेली एक विंडो असतो आणि आयथ्रीच्या मांडणीत त्याचा अडथळाच होतो. याचा परिणाम मी त्यांना सांगायला विसरलो. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. “माझी प्रकरणं गेली की हो सगळी!” चालू पुस्तकाची सतरा प्रकरणे त्या डेस्कटॉपवर ठेवत असत. फायली कुठेही गेलेल्या नव्हत्या. फाइल मॅनेजरमध्ये डेस्कटॉप नावाचा फोल्डर उघडून दाखवल्यावर त्या सगळ्या तिथे होत्या. पण ती दोन मिनिटे त्यांनी जशी काढली, त्यानंतर त्या रात्री नव्या गोष्टी शिकवण्यात अर्थ नव्हता.

प्रत्यक्ष कृती: माघार

सोमवारी दुपारी फोन आला. विंडो दुसऱ्या कार्यस्थळावर, म्हणजे त्याच स्क्रीनच्या दुसऱ्या आभासी पडद्यावर, हलवायला जावे तर विंडो जागची हलत नाही, उलट स्क्रीनच त्या कार्यस्थळावर उडी मारते, आणि वर मराठीचे इंग्रजी किंवा इंग्रजीचे मराठी होऊन जाते.

कारण फोनवरच उमगले, उपाय मात्र फोनवर होण्यासारखा नव्हता. लिपी बदलण्यासाठी त्या ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी वापरत होत्या. विंडोजच्या काळापासूनची सवय. आयथ्रीत विंडो हलवण्याची आज्ञा म्हणजे मुख्य कळ, शिफ्ट आणि अंक. मुख्य कळ ऑल्ट असल्याने तीही ऑल्ट आणि शिफ्टनेच सुरू होत होती. लिपीबदलाची जोडी नेमली की ऑल्ट दाबलेला असताना शिफ्ट ही कळ शिफ्ट राहतच नाही, ती ‘पुढची लिपी’ अशी आज्ञा होते. परिणामी लिपी बदलत होती, आणि आयथ्रीला शिफ्टविना नुसता ऑल्ट आणि अंक दिसत होता, ज्याचा अर्थ ‘त्या कार्यस्थळावर जा’ असा होतो. दोन्ही प्रोग्राम नेमून दिलेले काम चोख करीत होते.

त्याच आठवड्यात प्रकाशकाला तीन प्रकरणे द्यायची होती. चालू असलेली व्यवस्था सुधारायची की मागे जायचे, हा या प्रकरणातला खरा निर्णायक क्षण होता, आणि मी मागे जाण्याच्या बाजूने होतो. पण मागे जाण्याची वाट मी बांधलेलीच नव्हती. जुनी नोंद परत लिहिणारी आज्ञा मी फोनवर सांगू लागलो, आणि त्यांच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या विंडोत, ती देवनागरीत उमटू लागली. लिपी बदलायला जावे तर पुन्हा तेच. एक्सएफसीईच्या सेटिंग्जमधून वाट काढण्याचा प्रयत्न केला, पण एकमेकांना दिसत नसलेल्या स्क्रीनबद्दल दोन माणसांनी बोलत राहण्याला मर्यादा असते. अखेर पावसात स्कूटर काढून मी त्यांच्या घरी गेलो आणि पाच मिनिटांत एक्सएफडब्ल्यूएम४ परत बसवला. पुढचे दहा दिवस आम्ही कशालाही हात लावला नाही.

प्रत्यक्ष कृती: कळांची वही

दुसऱ्या प्रयत्नाआधी आम्ही संगणक बंद ठेवून कागदावर बसलो. एका वहीत तीन रकाने आखले: लिपी आणि टंकलेखनासाठी लागणाऱ्या कळजोड्या, रायटरमध्ये त्यांना रोज लागणाऱ्या कळजोड्या, आणि एक्सएफसीईने स्वतःसाठी धरून ठेवलेल्या कळजोड्या. तिसरा रकाना मला वाटला त्यापेक्षा लांब निघाला. विन आणि ई दाबल्यास फाइल मॅनेजर, विन आणि आर दाबल्यास अॅपफाइंडर, विन आणि पी दाबल्यास स्क्रीनची सेटिंग्ज. शिवाय नुसत्या विन कळीवर त्यांनी मेनू नेमला होता. आयथ्रीला ई आणि आर दोन्ही हव्या असतात, आणि एक्स११मध्ये एखादी कळजोडी ज्याने आधी धरली त्याची होते. मुख्य कळ विन करायची तर हा रकाना आधी रिकामा करावा लागणार होता.

तो केला. मुख्य कळ विन ठरली, ऑल्ट आणि शिफ्ट लिपीसाठी राखीव राहिली, एक्सएफसीईच्या विनवाल्या सगळ्या नेमणुका काढल्या.

मग दुसरी गोष्ट सुचली, आणि ती आधी सुचायला हवी होती. आयथ्रीच्या रचनेत कळ दोन प्रकारे सांगता येते: तिच्यावरच्या अक्षराने किंवा तिच्या क्रमांकाने. आयथ्रीच्या मार्गदर्शिकेत सरळ लिहिले आहे की वेगवेगळे कळफलक आलटून-पालटून वापरत असाल आणि आज्ञा त्याच जागी राहायला हव्या असतील, तर क्रमांक वापरा. क्यूचा क्रमांक २४, एंटरचा ३६, केचा ४५. त्या कळीतून आत्ता इंग्रजी अक्षर निघते आहे की देवनागरी, याच्याशी क्रमांकाला काही देणेघेणे नसते. मी सगळ्या आज्ञा क्रमांकांनी लिहिल्या. फाइल वाचायला कुरूप झाली, पण लिपीचा प्रश्न मुळातूनच संपला.

मात्र आज्ञांचा तक्ता करताना मी कळांची नावे इंग्रजीत लिहिली, आणि अनुवादिकेने तो तक्ता खोडून देवनागरीत पुन्हा लिहिला. आयथ्रीत डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाण्यासाठी जे, के, एल आणि अर्धविरामाची कळ अशा शेजारशेजारच्या चार कळा असतात. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच चार कळांवर र, क, त, च येतात. त्यांच्या तक्त्यात ओळ होती: ‘विन + र क त च: डावी, खाली, वर, उजवी.’ पूर्ण स्क्रीन म्हणजे पहिली वेलांटी, अॅपफाइंडर म्हणजे हलन्त, टॅबची मांडणी म्हणजे दोन मात्रा, विंडो बंद करणे म्हणजे औ. मी जे तीन दिवसांत शिकवू शकलो नव्हतो ते हा कागद समोर चिकटवल्यावर एका दुपारी बोटांत उतरले, कारण नव्याने शिकायची जागा एकही नव्हती. जागा सगळ्या ओळखीच्याच होत्या.

आणखी एक किरकोळ दोष या टप्प्यावर सापडला. रचनेची फाइल मी माझ्या जुन्या संगणकावरून आणली होती आणि तिच्यात फॉन्टची ओळ जुन्या ठोकळ्यांच्या फॉन्टची होती. त्या फॉन्टला देवनागरी ठाऊक नसल्याने शीर्षकपट्टीत फायलींच्या मराठी नावांऐवजी निरर्थक खुणा दिसत होत्या. तीच ओळ पँगो या अक्षरे मांडणाऱ्या सोयीमार्फत नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट वापरेल अशी लिहिल्यावर ‘प्रकरण बारावे’ हे जोडाक्षरासह वाचता येऊ लागले.

माघारीची वाट या वेळी आधी बांधली. जुनी नोंद परत लिहून लॉगआउट करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट केली आणि पॅनेलवर तिचा आयकॉन ठेवला. नाव ‘जुनी व्यवस्था’. माउसच्या एका क्लिकवर चालते, कोणतीही लिपी चालू असली तरी. तिची चाचणी मी स्वतः नव्हे, त्यांच्याकडून दोनदा करवून घेतली. चालू डेस्कटॉपवरच्या फायली ‘चालू पुस्तक’ नावाच्या फोल्डरात हलवल्या आणि त्याचीही वाट पॅनेलवर ठेवली.

परिणाम

सहा महिन्यांनंतरची स्थिती अशी होती. सकाळी तीन प्रोग्राम उघडायचे, रायटरवर जाऊन एक कळजोडी दाबायची, आणि विभागणी साठ-चाळीस होते. कोश पीडीएफच्या फरशीत टॅब होऊन राहतो. शोधा-बदलाची चौकट आयथ्री आपोआप तरंगती ठेवतो, त्यामुळे ती फरशी मागत नाही. टचपॅडचा वापर पुष्कळ कमी झाला, असे त्या सांगतात. मनगटाबद्दल मात्र मी काही दावा करणार नाही, कारण त्याच सुमारास त्यांनी खुर्चीही बदलली होती.

संगणक वेगवान झाला नाही. मेमरीतला फरक शोधून पाहावा लागेल इतका लहान आहे, आणि ब्राउझरमध्ये टॅब वाढले की यंत्र आजही पूर्वीसारखेच धापा टाकते. हे आधी बोललेले असल्याने कोणाची निराशा झाली नाही.

काही गोष्टी वाईट झाल्या, हेही नोंदवायला हवे. घरातल्या इतर कोणाला हा लॅपटॉप वापरता येईना; विंडोला मिनिमाइजचे बटण नाही हे पाहूनच भाचा थबकला. त्यासाठी साध्या एक्सएफसीईचे वेगळे खाते उघडावे लागले. व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रामची लहान तरंगती विंडो आयथ्रीत कधी फरशी होऊन अर्धी स्क्रीन अडवते. तिच्यासाठी वेगळा नियम लिहिला, तो बहुतेक वेळा चालतो. आणि ‘जुनी व्यवस्था’ हा आयकॉन त्यांनी खऱ्या कामासाठी एकदाच वापरला, तोही एका लांब तक्त्याच्या कामात, जिथे त्यांना विंडो एकमेकींवरच हव्या होत्या.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या रविवारी चालत्या खात्यावर काम करणे ही चूक होती. झेफिर नावाचा प्रोग्राम चालू डेस्कटॉपच्या एका विंडोत दुसरा एक्स सर्व्हर उघडतो; त्यात आयथ्री चालवून सगळी रचना आधी तपासता आली असती, आणि अधिकारासाठी एक्सएफडब्ल्यूएम४शी भांडणही झाले नसते, कारण तो सर्व्हरच वेगळा. ते नाही तर निदान एक चाचणी खाते. जतन केलेल्या सेशनचा घोळ चाचणी खात्यात कदाचित दिसला नसता, हे खरे. पण हरवलेल्या आयकॉनचा धक्का आणि कळांची टक्कर तिथे सहज दिसली असती, विशेषतः टंकायला मी न बसता त्या बसल्या असत्या तर.

कळांची वही पहिल्या दिवशी करायला हवी होती, प्रोग्राम निवडण्याच्याही आधी. ती आधी झाली असती तर ऑल्टचा पर्याय निवडलाच गेला नसता. पर्याय म्हणून लिपीबदल कॅप्सलॉकवर नेता आला असता आणि ऑल्ट मोकळा करता आला असता. अनेकजण तसे करतात. त्या मात्र इतर ठिकाणच्या संगणकांवरही टंकतात, आणि तिथे ऑल्ट-शिफ्टच चालते. वीस वर्षांची सवय मोडण्यापेक्षा सहा महिन्यांचा विंडो मॅनेजर वाकवणे सोपे होते. हा मुद्दा त्यांनीच मांडला.

माघार घेण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. त्या सोमवारी तिथेच बसून दुरुस्ती करता आली असती, तासाभराचेच काम होते. पण मुदतीच्या आठवड्यात माणसाच्या हाताखालची व्यवस्था रोज बदलत राहिली, तर दोष नेमका कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

एक प्रश्न पुढे ढकललेला आहे. वेलँडमध्ये चित्र उमटवणारा आणि विंडोंची व्यवस्था पाहणारा प्रोग्राम एकच असतो, त्यामुळे तिथे चित्र उमटवणारा प्रोग्राम तसाच ठेवून हा ‘एकच भाग’ काढून दुसरा बसवण्याची सोय राहत नाही. एक्सएफसीईने डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या ४.२० या आवृत्तीत वेलँडसाठी प्राथमिक आधार दिला आहे. एक्स११ची वाट अजून चालू आहे. ती बंद होईल तेव्हा स्वेकडे जावे लागेल, आणि आयथ्रीची रचना तिथे बऱ्याच अंशी तशीच चालते. कळांचे क्रमांक तेव्हा पुन्हा तपासावे लागतील. तक्ता मात्र बदलावा लागणार नाही; तो स्क्रीनच्या कडेला अजून चिकटवलेला आहे, फक्त ‘औ’समोर त्यांनी लाल पेनने लिहून ठेवले आहे: आधी सेव्ह.